८ मिमी फिल्मच्या स्कॅनमध्ये चित्र उड्या मारतं: स्टॅबिलायझर लावण्याआधी काय तपासायचं

घरगुती ८ मिमी किंवा सुपर ८ फिल्म स्कॅन होते, फाइल उघडते आणि चित्र वरखाली नाचत असतं. यावर बहुतेकांचा पहिला इलाज ठरलेला: एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन स्टॅबिलायझर, म्हणजे हलतं चित्र आपोआप सरळ करणारं साधन, लावणं. दहा सेकंदांच्या तुकड्यावर तो चालून जातो. पुढे शॉटमधला कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरला की चित्र ताणलं जातं, कडा कापल्या जातात, आणि नवं रीळ चढवलं की नाच पुन्हा पहिल्यापासून. सॉफ्टवेअरला उडी दिसते, ती कुठून आली हे दिसत नाही. ती स्कॅनरमध्ये असेल, फिल्ममध्ये असेल किंवा पन्नास वर्षांपूर्वी ज्याने चित्रीकरण केलं त्या कॅमेऱ्यात असेल. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

इथे सांगितलेलं बहुतेक सगळं घरी वापरायच्या, फ्रेमगणिक फोटो काढणाऱ्या स्कॅनरसाठी आहे: वुल्व्हरीन, रिफ्लेक्टा, कोडॅक रील्स आणि त्याच घडणीची इतर यंत्रं. सेकंदाला साधारण दोन फ्रेम या वेगाने ती चालतात, म्हणजे ५० फुटी सुपर ८ रिळाच्या ३६०० फ्रेमना अर्धा तास लागतो. भिंतीवर प्रोजेक्टर मारून मोबाइलने चित्रीकरण करणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

आधी भोकाकडे बघा

पूर्ण रीळ चढवू नका. मधलाच, जोड नसलेला आणि कॅमेरा स्थिर ठेवून घेतलेला २०० फ्रेमचा तुकडा निवडा. दीड-पावणेदोन मिनिटांत तो स्कॅन होतो. त्याआधी स्कॅनरच्या फ्रेम जुळवायच्या मेनूत जाऊन चित्र इतकं लहान करा की फिल्मच्या कडेच्या भोकाची निदान एक आडवी कड दिसेल. सुपर ८ मध्ये भोक फ्रेमच्या मध्यावर बाजूला असतं. रेग्युलर ८, म्हणजे सुपर ८ च्या आधीच्या साध्या ८ मिमी फिल्ममध्ये ते दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर येतं, त्यामुळे वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात अर्धं अर्धं दिसतं. चित्राभोवती काळी पट्टी आली तरी हरकत नाही, ती शेवटी कापायचीच आहे. भोक कापून टाकलेला स्कॅन मात्र निदानाला निरुपयोगी, आणि पुढे दुरुस्तीलाही.

फाइल व्हीएलसीमध्ये उघडा. कीबोर्डवरची ‘ई’ दाबली की एकेक फ्रेम पुढे सरकते. मॉनिटरवर भोकाच्या कडेशी कागदाची पट्टी चिकटवा आणि पन्नास-साठ फ्रेम सावकाश पुढे न्या.

भोक आणि चित्र दोन्ही एकत्र हलत असतील तर फिल्म गेटमध्ये, म्हणजे जिथे फ्रेमचा फोटो निघतो त्या खाचेत, नीट थांबत नाही: दोष स्कॅनरचा, ताणाचा किंवा फिल्मच्या अवस्थेचा. भोक पट्टीशी चिकटून आहे आणि चित्र मात्र त्याच्या तुलनेत हलतंय, तर उडी मूळ चित्रीकरणातच आहे. स्कॅनर खोलून काहीही हाती लागणार नाही. भोक आणि चित्र दोन्ही स्थिर, पण चित्राची उजेडी कमीजास्त होतेय, तर ती उडी नव्हेच. डोळ्याला लुकलुकणं आणि हलणं सहज सारखं वाटतं.

या तपासणीत आणखी एक गोष्ट टिपून ठेवा: उडी किती फ्रेमनी परत येते. तो आकडा पुढे फार कामाला येतो.

भोक आणि चित्र एकत्र हलतात तेव्हा

सुपर ८ ची फ्रेम ४.०१ मिमी उंच असते. ती १०८० ओळींवर पसरली की एका ओळीच्या वाट्याला ०.००४ मिमीपेक्षाही कमी येतात. माणसाचा केस ०.०५ ते ०.१ मिमी जाड. म्हणजे गेटमध्ये केसाच्या जाडीचा कचरा अडकून फिल्म तेवढीच सरकली, तर पडद्यावर १३ ते २७ ओळींची उडी बसते. म्हणून पहिला संशय नेहमी घाणीवर.

गेट उघडा, टॉर्चचा उजेड तिरका मारा. फिल्म जिथे सरकते त्या दोन रुळांवर तपकिरी किंवा काळपट खर दिसेल. ती इमल्शनची, म्हणजे फिल्मवरच्या चित्र धरणाऱ्या थराची असते. कापसाच्या काडीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. वाळलेली खर निघत नसेल तर बांबूची टूथपिक वापरा, पिन किंवा ब्लेड कधीच नाही. रुळांवर एक चरा पडला की त्यानंतरच्या प्रत्येक रिळावर उभी रेघ उमटत राहते. स्वच्छ फिल्मला दर ५० फुटांनी एकदा पुसणं पुरतं. खर सोडणाऱ्या फिल्मला मधेच थांबून पुसावं लागलं तरी कंटाळा करू नये.

गेट स्वच्छ करूनही उडी आहे, तर ताण बघा. फ्रेम ओढून झाल्यावर फिल्म ओढणारं नख भोकातून बाहेर येतं आणि त्या क्षणी फिल्म मोकळी असते. टेक-अप रीळ, म्हणजे स्कॅन झालेली फिल्म गुंडाळून घेणारं रीळ, जास्त जोराने ओढत असेल तर फिल्म तेवढ्यात किंचित पुढे सरकते. पुरवठ्याचं रीळ अडत असेल तर मागे खेचली जाते. शोधायची रीत सोपी. टेक-अप रिळावरून फिल्म सोडवा आणि धुतलेली सुती उशीची खोळ अंथरलेल्या खोक्यात पडू द्या. उडी थांबली तर दोष टेक-अपचा. मग टेक-अपला छोट्या गाभ्याचं ५० फुटी रीळ लावण्याऐवजी पाच इंची, २०० फुटी रीळ लावा. गाभा मोठा असला की सुरुवातीला बसणारा झटका कमी होतो. टेक-अप सोडवूनही उडी थांबली नाही तर पुरवठ्याच्या बाजूला बोटांनी हलकीशी सैल फिल्म ठेवून पन्नास फ्रेम चालवा. तेवढ्यात स्थिर झालं तर अडथळा तिकडे आहे.

आता टिपून ठेवलेला आकडा काढा. तीन इंची रिळाच्या सर्वांत बाहेरच्या वेढ्याचा व्यास साधारण ७ सेंमी, परीघ २२ सेंमी, म्हणजे सुपर ८ च्या ५२ फ्रेम. आतल्या वेढ्यात तो २५ फ्रेमच्या आसपास येतो. उडी सुरुवातीला पन्नासेक फ्रेमनी आणि रीळ संपत आल्यावर पंचवीसेक फ्रेमनी येत असेल, तर पुरवठ्याचं रीळ वाकलेलं आहे आणि दर फेरीला त्याची कड कशाला तरी घासते. जुनी पत्र्याची रिळं यासाठी कुप्रसिद्ध आहेत. फिल्म हाताने नव्या प्लास्टिक रिळावर घ्या, प्रश्न मिटतो. आकडा उलट वाढत जात असेल तर वाकलेलं रीळ टेक-अपचं. पूर्ण रिळात आकडा तोच राहत असेल तर यंत्रातला एखादा रोलर किंवा दातेरी चाक खराब आहे आणि ते बदलल्याशिवाय सुटका नाही. ठरावीक अंतरच नसेल, कधीही कुठेही उडी, तर पुन्हा घाण किंवा फिल्मचा बाक.

बाक म्हणजे फिल्म इमल्शनच्या बाजूला वळून पन्हाळीसारखी होणं. गेटमध्ये फिल्म दाबून धरणारी दाबपट्टी तिला सपाट करू शकत नाही, फ्रेमचा मध्य स्पष्ट आणि कडा धूसर, किंवा दर काही फ्रेमनी फोकस आत-बाहेर होतो. अशी फिल्म मोठ्या गाभ्यावर, इमल्शन बाहेरच्या बाजूला ठेवून सैल गुंडाळा आणि काही दिवस तशीच ठेवा. मंद दिसते ती इमल्शनची बाजू, चकचकीत ती पायाची, म्हणजे खालच्या प्लास्टिकची. इस्त्री, हेअर ड्रायर, ऊन यांतलं काहीही नको.

हवा हाही मुंबई, कोकण आणि गोव्यात खरा प्रश्न आहे. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की इमल्शनमधलं जिलेटिन फुगतं, गेटला चिकटतं आणि खर दुप्पट सुटते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा स्कॅनिंगचा हंगाम मानावा. थांबणं शक्य नसेल तर वातानुकूलित खोलीत, ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर काम करा. साधा आर्द्रतामापक पुरतो. फ्रिजमध्ये ठेवलेली फिल्म बंद पिशवीतच रात्रभर बाहेर ठेवून मग उघडावी, नाहीतर तिच्यावर दव धरतं.

जोडावर बसणारी उडी

प्रत्येक ५० फुटी रेग्युलर ८ रिळात बरोबर मध्यावर एक जोड असतोच, आणि त्याचं कारण फिल्मच्या घडणीत आहे. १९३२ मध्ये कोडॅकने आणलेली ही पद्धत मुळात १६ मिमी रुंदीच्या २५ फुटी फिल्मची: एकदा एक बाजू चित्रित करायची, रीळ उलटून दुसरी बाजू, मग लॅबमध्ये मधोमध चिरून दोन पट्ट्या एकमेकींना जोडायच्या. २५ फुटांत ८० प्रमाणे २००० फ्रेम. म्हणजे सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर २ मिनिटं ५ सेकंदांच्या आसपास एक उडी, आणि त्याच्या आगेमागे केशरी-पांढरा झोत, कारण रीळ उलटताना टोकांना उजेड लागतो. हे दोन्ही एकत्र दिसलं तर यंत्र खोलत बसू नका. झोत मूळ फिल्मचा आहे, तो तसाच राहू द्यावा. जोड तेवढा तपासावा.

सिमेंटचा, म्हणजे फिल्मच्या खास गोंदाचा, जोड म्हणजे दोन टोकं एकावर एक. तिथली जाडी जवळजवळ दुप्पट होते, दाबपट्टी उचलली जाते, दोन-तीन फ्रेम धूसर होतात आणि नखाला भोक नीट सापडत नाही. जोड घट्ट असेल तर असाच जाऊ द्या, ती दोन-तीन फ्रेमची उडी सॉफ्टवेअरमध्ये हाताने सरळ करता येते. बोटांत हलकेच वाकवल्यावर कड सुटत असेल तर तो सोडवून टेपचा जोड घाला. जुन्या टेपच्या जोडांचा त्रास वेगळा: गोंद पाझरून शेजारच्या वेढ्यांना चिकटलेला असतो. ओढून सोडवाल तर इमल्शन निघून येईल. कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावत इंचाइंचाने सोडवा, उरलेला गोंद पुसा, मग नवी टेप.

नवा जोड घालताना भोकं पाडलेली, ८ मिमीसाठीचीच टेप आणि स्प्लायसर, म्हणजे जोड घालायचं छोटं यंत्र, वापरावा. कात्री आणि सेलोटेपने केलेला जोड हमखास अडकतो. टेप दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावली तर जोड वळणावर बिजागरीसारखा उघडतो. टेप लावल्यावर गेटमधून हाताने दोनदा सरकवून बघा, मगच मोटर.

सिमेंट फक्त अ‍ॅसिटेट या प्लास्टिकच्या पायाला धरतं. फुजीची सिंगल ८ आणि आणखी काही फिल्म पॉलिएस्टरवर असतात, त्यांना टेपच. ओळखायला रीळ बाजूने दिव्यासमोर धरा: पॉलिएस्टर असेल तर वेढ्यांमधून उजेड पार होतो, अ‍ॅसिटेट काळोखं दिसतं.

एखादंच भोक फाटलेलं असेल तर तिथे टेपचा छोटा तुकडा लावला की काम भागतं. सलग चार-पाच फाटलेली असतील तर तो भाग घरच्या यंत्रावर चढवू नये.

फिल्म आकसली आहे का

गेट स्वच्छ, ताण बरोबर, जोड ठीक, तरीही मधूनमधून तीच फ्रेम दोनदा येते किंवा एखादी गाळली जाते. यंत्र कटकट आवाज करतं. आता पट्टी हातात घ्या. स्टीलची ५० सेंमी पट्टी आणि सपाट टेबल पुरेसं आहे. फिल्म न ताणता सरळ ठेवा आणि एका भोकाच्या वरच्या कडेपासून पुढच्या शंभराव्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. सुपर ८ साठी हे अंतर ४२३.४ मिमी हवं, रेग्युलर ८ साठी ३८१ मिमी. सुपर ८ मध्ये ४१९ भरलं तर फिल्म १ टक्का आकसली. ४१७ म्हणजे दीड टक्का.

नख गेटपासून दोन फ्रेम अलीकडे-पलीकडे बसवलेलं असतं असं धरा. १ टक्का आकसलेल्या फिल्ममध्ये तेवढ्या अंतरात ०.०८५ मिमीचा फरक पडतो, म्हणजे १०८० ओळींच्या चित्रात २३ ओळी. गंमत म्हणजे यामुळे चित्र नाचत नाही, फक्त वर किंवा खाली सरकून बसतं, आणि फ्रेमची उभी जागा मेनूतून बदलली की काम होतं. नाच सुरू होतो तो रिळात आकसणं सारखं नसतं तेव्हा, कारण बाहेरचे वेढे जास्त वाळलेले असतात आणि आतले कमी. अशा रिळात दर दहा-पंधरा फुटांनी थांबून जागा पुन्हा जुळवा आणि तुकड्यांत स्कॅन करा. १ टक्क्याच्या आत घरच्या यंत्रावर निर्धास्त चालवा. १ ते दीडमध्ये तुकड्यांत, समोर बसून. दीडच्या वर नख भोकाच्या कडेवर आपटायला लागतं आणि फिल्म फाटते. तिथे दात आणि नख नसलेल्या, कॅपस्टनवर, म्हणजे गुळगुळीत फिरत्या दांड्यावर, फिल्म चालवणाऱ्या आणि भोक कॅमेऱ्याने शोधणाऱ्या स्कॅनरकडे जावं, उदाहरणार्थ लेझरग्राफिक्सचा स्कॅनस्टेशन. पैसे लागतात, पण फाटलेली भोकं परत येत नाहीत.

आकसलेल्या अ‍ॅसिटेट फिल्मला बहुधा आंबट वास येतो. ती व्हिनेगर सिंड्रोमची खूण: पायातलं अ‍ॅसिटेट ओलाव्याने आणि उष्णतेने तुटतं, त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि ते आम्ल पुढचं तुटणं आणखी वेगाने घडवतं. वासावर पूर्ण विसंबू नका. सर्दी झालेल्या माणसाला काही कळत नाही आणि ज्याला कळतं त्याला प्रमाण कळत नाही. इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या आम्ल दाखवणाऱ्या ए-डी पट्ट्या मिळतात. डब्यात फिल्मसोबत एक पट्टी २४ तास ठेवायची. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर सुरुवात, पिवळी झाली तर आता स्कॅन करायचंच, उद्यावर नाही. फिल्मवर पांढरे स्फटिक किंवा भुकटी दिसली तर ते पायातलं प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला लवचीक ठेवणारं रसायन, बाहेर येत असल्याचं लक्षण. अशी रिळं चांगल्या रिळांपासून वेगळी ठेवा आणि गंजक्या, घट्ट पत्र्याच्या डब्यांतून काढून हवा खेळेल अशा पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांत घाला. बंद डब्यात आम्ल साठतं आणि काम आणखी बिघडवतं.

एक सावधगिरी. बुरशी लागलेली फिल्म पाण्याने कधीही पुसू नये. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच कापडावर येतं. ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल याच कारणाने वर्ज्य, त्यात पाणी आहे. ९९ टक्क्यांचंही आधी लीडरवर, म्हणजे रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर, किंवा निरुपयोगी फ्रेमवर पुसून बघावं. कडेला तपकिरी चुंबकीय पट्टी असलेल्या, आवाजाच्या सुपर ८ फिल्मला अल्कोहोल नकोच, कोरडं मऊ कापड फिरवा. आणि घरच्या स्कॅनरमध्ये तो आवाज वाचला जात नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

भोक स्थिर, चित्र हलतं

सुपर ८ मध्ये हे जास्त सापडतं. १९६५ च्या या पद्धतीत फिल्म प्लास्टिकच्या काडतुसातच येते आणि फिल्मला मागून सपाट धरणारी दाबपट्टीही त्या काडतुसाचाच भाग असते. प्लास्टिकची पट्टी कॅमेऱ्यातल्या धातूच्या दाबपट्टीइतकी अचूक नसते, त्यामुळे चित्रीकरणाच्या वेळीच प्रत्येक फ्रेम भोकाच्या तुलनेत किंचित वेगळ्या जागी पडते. रेग्युलर ८ मध्ये दाबपट्टी कॅमेऱ्यात असते, म्हणून जुनी फिल्म अनेकदा नव्यापेक्षा स्थिर दिसते. यावर फक्त सॉफ्टवेअरचाच उपाय आहे, आणि तोही बेताने: उभ्या दिशेला जास्तीत जास्त १ ते २ टक्के सरळ करा. हात थरथरल्याने हललेलं चित्र हा वेगळा भाग. तो घेणाऱ्याचा हात आहे, फिल्मचा दोष नाही. लग्नाच्या गर्दीत कॅमेरा उंच धरून घेतलेला शॉट तिपायावरच्यासारखा करण्याच्या नादात वधूवरांच्या चेहऱ्यांना लाटा येतात.

सॉफ्टवेअरमध्ये भोकाला धरून सरळ करणं

यंत्राचे सगळे उपाय झाल्यावर उरलेली बारीक थरथर भोकावरून काढता येते. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. मूव्ही क्लिप एडिटरमध्ये फाइल उघडा, भोकाच्या आडव्या आणि उभ्या कडेचा कोपरा येईल असा एक मार्कर ठेवा, पूर्ण क्लिपवर ट्रॅक चालवा आणि द्विमितीय स्टॅबिलायझेशनमध्ये तो ट्रॅक जोडा. फक्त जागा सरळ करायची. फिरवणं आणि आकार बदलणं बंद, आपोआप मोठं करणंही बंद.

कोणता कोपरा घ्यायचा? ज्या कडेला कॅमेऱ्याचं आणि प्रोजेक्टरचं नख वर्षानुवर्षं लागलं ती कड झिजलेली, दातेरी असते. मॉनिटरवर चित्र मोठं करून दोन्ही आडव्या कडा बघा आणि साबूत असलेली घ्या. रिव्हर्सल फिल्ममध्ये, म्हणजे निगेटिव्ह न बनता थेट पाहता येणाऱ्या फिल्ममध्ये, उजेड न लागलेला भाग काळा राहतो आणि भोक पांढरंशुभ्र, त्यामुळे मार्कर घट्ट धरतो. केशरी झोताच्या भागात मात्र भोकाभोवतीचा काळेपणाच जातो आणि मार्कर भरकटतो. तिथे त्या पाच-दहा फ्रेम हाताने जुळवा किंवा मार्कर झोताच्या आधी थांबवून पुढे नवा सुरू करा.

काप शेवटी. आधी कापून मग स्टॅबिलायझर लावला की भोक गेलं आणि कडाही गेल्या.

उडीसारखं वाटणारं, पण उडी नसलेलं

लुकलुक असेल तर स्कॅनरचं आपोआप उजेड मोजणं कारणीभूत असतं. गडद फ्रेमनंतर उजळ फ्रेम आली की तो प्रकाश बदलतो. सेटिंगमध्ये एक्स्पोझर कायमचं धरून ठेवता येत असेल तर रिळाच्या सर्वांत उजळ शॉटवर, म्हणजे आकाश किंवा पांढरे कपडे जळणार नाहीत असं धरून ठेवा. तशी सोय नसेल तर दिवसाचे आणि घरातले शॉट वेगळे स्कॅन करा. शार्पनेस सगळ्यात कमी. यंत्राने घातलेला कडक शार्पनेस फिल्मच्या दाण्यांना खवल्यांसारखं करतो आणि तो नंतर काढता येत नाही.

वेगाचा प्रश्न जवळपास प्रत्येक फाइलमध्ये असतो. यंत्र फाइल २० किंवा ३० फ्रेमच्या वेगाने बांधतं; रेग्युलर ८ साठी १६ हव्यात, सुपर ८ साठी १८, आवाजाच्या सुपर ८ साठी १८ किंवा २४. २० वरून १८ म्हणजे ९० टक्के वेग, २० वरून १६ म्हणजे ८० टक्के. दा विन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या गुणधर्मात फ्रेमचा वेग बदला, टाइमलाइनवर ओढून ताणू नका. ताणलं की सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम कल्पनेने तयार करतं आणि चालणाऱ्या माणसाचे पाय धुरकट होतात. टीव्हीसाठी २५ ची फाइल हवी असेल तर काही फ्रेम दोनदा येऊ द्या, मिसळू देऊ नका. फ्रेमची एकूण संख्याही इथेच बघा: फिल्मची लांबी फुटांत मोजून सुपर ८ साठी ७२ ने, रेग्युलर ८ साठी ८० ने गुणा. फाइलमध्ये त्यापेक्षा बऱ्याच कमी फ्रेम असतील तर नखाने भोकं चुकवली आहेत.

रंगाचं थोडक्यात. अंधारात, कोरड्यात ठेवलेली कोडॅकची कोडॅक्रोम फिल्म आजही रंग धरून असते, तिच्याशी फार खेळू नये. इतर अनेक रंगीत फिल्ममध्ये निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळं गुलाबी दिसतं. लाल चॅनल खाली आणून चेहऱ्याचा नव्हे, पांढऱ्या कापडाचा किंवा राखाडी रस्त्याचा तोल साधा. दाणे कमी करायचे असतील तर ते सगळ्यात शेवटी आणि अर्ध्या जोराने, कारण दाणे गेले की चेहरे मेणाचे दिसायला लागतात.

प्रोजेक्टरवरून घेत असाल तर

आकसलेली किंवा आंबट वासाची फिल्म प्रोजेक्टरवर चढवू नका. निरोगी फिल्म असेल तर तीन पात्यांचं शटर असलेल्या प्रोजेक्टरचा वेग सेकंदाला १६⅔ फ्रेम करा. तीन पाती म्हणजे सेकंदाला बरोबर ५० झोत; मोबाइल किंवा कॅमेरा २५ फ्रेम आणि १/५० शटरवर लावला की लुकलुक जवळजवळ थांबते. मोबाइलमध्ये त्यासाठी शटर हाताने लावता येणारं अ‍ॅप लागेल. वेग थोडा इकडेतिकडे झाला तर पडद्यावर काळा पट्टा सावकाश वर किंवा खाली सरकतो. तो थांबेपर्यंत वेगाची खुंटी हलवत राहा. चित्र उडत असेल तर इथेही आधी गेटची खर, मग लूपचा आकार. गेटच्या वर आणि खाली फिल्मचे दोन सैल वेढे असतात, त्यातला खालचा लहान झाला की चित्र लगेच नाचायला लागतं. बहुतेक यंत्रांत तो परत मोठा करायला छोटी कळ असते.

स्कॅन झाल्यावर यंत्रातून निघालेली फाइल, भोकासकट आणि काप न घेता, जशीच्या तशी एका वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. दुरुस्त केलेली फाइल तिच्यापासून पुन्हा केव्हाही बनवता येते. फाइलच्या नावात फिल्मचा प्रकार, खरा वेग आणि मोजलेलं आकसणं लिहा, उदाहरणार्थ सुपर८_१८_०.७. फिल्म परत गुंडाळताना लीडर बाहेर, गुंडाळी सैलही नको आणि आवळलेलीही नको.